ओली गाडी नवी का दिसते? घरच्या घरी रंग उजळवण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

जुनी गाडी धुताना एक गंमत दर वेळी दिसते आणि दर वेळी आपण ती विसरतो. पाइपाचं पाणी बॉनेटवर पडलं की सात-आठ वर्षं वापरलेली, धुरकट झालेली गाडी एकदम शोरूममधून आणल्यासारखी दिसायला लागते. रंग गडद होतो, बाजूच्या भिंतीचं प्रतिबिंब स्वच्छ उमटतं. फडकं फिरवून पाणी टिपलं की पुन्हा तेच मळकट रूप. धूळ तर गेलेली असते, मग चमक कुठे जाते?

ती कुठेच जात नाही. गाडीच्या रंगावर हजारो बारीक चरे असतात, इतके बारीक की सुटा एखादा चरा डोळ्याला दिसतही नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला उजेड आरशासारखा एकाच दिशेने परत येतो. चऱ्यांवर पडला की वाटेल तिकडे विखुरतो. हा विखुरलेला पांढुरका उजेड रंगावर पसरतो आणि रंगच उडाल्यासारखा वाटतो. पाणी या चऱ्यांमध्ये जाऊन बसतं. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरताना किती वळतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33 आणि रंगावरच्या पारदर्शक थराचा साधारण 1.5. म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने पाणी हवेपेक्षा त्या थराच्या बरंच जवळचं. चरा पाण्याने भरला की प्रकाशाला तो जवळपास जाणवतच नाही, आणि वर पाण्याची सपाट पातळी तयार असतेच.

गाडी उजळवण्याचे सगळे उपाय या एका गोष्टीतून फुटतात. एक तर चरे कशाने तरी भरायचे, म्हणजे पाणी करतं तेच काम जास्त दिवस टिकणाऱ्या पदार्थाकडून करून घ्यायचं. नाही तर चरे काढायचे. पण चरा म्हणजे पोकळी. पोकळी काढणार कशी? तिच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढा एकच मार्ग आहे. खरं पॉलिश म्हणजे हेच. त्यात गाडीला काही लावलं जात नाही, गाडीवरचं काही कमी केलं जातं. हे ज्याला पटलं तो पॉलिशिंग मशीन जरा भीतभीतच हातात धरतो, आणि तसंच धरावं.

मुद्दल किती आहे?

साधारण 1980च्या दशकापासून बहुतेक गाड्यांना दोन टप्प्यांत रंग द्यायची पद्धत रूढ होत गेली. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लाखेसारखा थर. रंगाचा थर एकटा पाहिला तर तो मंद, निस्तेज असतो. सगळी चकाकी क्लिअर कोटची. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छपाईच्या नेहमीच्या कागदाची जाडी शंभरेक मायक्रॉन असते. म्हणजे पत्र्याच्या वरचं जे काही आहे ते सगळं मिळून कागदाच्या एका पानाएवढं किंवा थोडं जास्त. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक.

हे आपलं मुद्दल. मशीनने नीट केलेलं एक कंपाउंडिंग, म्हणजे जाडसर कणांचं घासणं, त्यातले अंदाजे एक ते तीन मायक्रॉन खातं, हलकं फिनिशिंग त्याहून कमी. मग पंधरा-वीस वेळा पॉलिश करायला हरकत नाही, असं वाटेल. पण क्लिअर कोट फक्त चमकण्यासाठी नसतो. उन्हातले अतिनील किरण खालच्या रंगापर्यंत पोचू नयेत म्हणून त्यात ते शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. थर जितका पातळ, तितकं हे संरक्षण कमी. अर्धा थर घासून काढलेली गाडी आज झकास दिसते आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तिच्या टपावर पांढरे चट्टे उठतात.

जुन्या एकेरी रंगाच्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे क्लिअर कोट नसतो, रंगातच चकाकी असते. उन्हाने वरचं राळेसारखं बंधक द्रव्य तुटतं आणि रंगद्रव्याची पूड मोकळी होते. भिंतीला पाठ टेकल्यावर सदऱ्याला चुना लागतो, तसा हात फिरवला की हाताला रंग लागतो. लाल गाडी गुलाबी पडते. पॉलिश करताना फडकं गाडीच्या रंगाचं झालं तर घाबरू नका, तो मेलेला वरचा थर आहे आणि खाली ताजा रंग मिळतो. अशा गाड्या पॉलिशला फार छान दाद देतात. उलट क्लिअर कोटच्या गाडीवर फडक्याला रंग लागला, तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. तुम्ही क्लिअर कोट पार करून आत गेला आहात.

काय सुटेल, काय नाही

मशीन बाहेर काढण्याआधी गाडी धुऊन, सावलीत उभी करून, हातात टॉर्च घेऊन एक फेरी मारा. टॉर्चचा उजेड पडेल तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. अनेकांना वाटतं, गोल गोल पुसल्यामुळे गोल चरे पडले. पण टॉर्च सरकवून बघा, वर्तुळही उजेडाबरोबर सरकतं. चरे असतात सगळ्या दिशांनी गेलेले. त्यातले जे उजेडाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यापर्यंत पोचतात आणि त्यांची मिळून वर्तुळं भासतात. त्यामुळे ‘सरळ रेषेत पुसा, म्हणजे चरे पडणार नाहीत’ हा सल्ला अर्धवट आहे. फडक्यात खडा असेल तर सरळ पुसल्यावर सरळ चरा पडेल, इतकंच.

सुटे, ठळक ओरखडे दिसले तर त्यांची परीक्षा नखाने घ्या. नख ओरखड्याला आडवं, अगदी हलकं ओढा. अडकलं नाही तर पॉलिशने ओरखडा जाईल किंवा निदान मंदावेल. अडकलं तर तो घासून सपाट करण्याइतकं मुद्दल तुमच्याकडे नाही. दुसरी परीक्षा सुरुवातीच्या गमतीचीच. ओरखड्यावर पाण्याचा थेंब सोडा. ओरखडा ओला झाल्यावर दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. पाण्यातही पांढरा किंवा करडा दिसत राहिला तर तो खालच्या थरांत उतरला आहे.

काही गोष्टींवर मात्र कितीही मेहनत केली तरी उपयोग नसतो. टपावर, बॉनेटवर किंवा डिकीच्या कडेला क्लिअर कोटचे पोपडे सुटायला लागले असतील, नकाशासारखे पांढरे डाग कडेने उचलले जात असतील, तर तो थर मेला. पॉलिश केलं की पोपडे आणखी पसरतात. तो भाग घासून नव्याने रंगवणं हाच उपाय, आणि ते काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं. रंगाखाली फुगे आले असतील तर आत गंज धरलेला असण्याची शक्यता मोठी. तिथेही पॉलिशचा संबंध नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग मधल्या जातीचे. विष्ठा वाळली तरी पुसता येते, पण उन्हात तापलेल्या बॉनेटवर ती दिवसभर राहिली तर खालच्या थरावर खोलगट, सुरकुतलेला ठसा उठतो. ताजा असेल तर तो पॉलिशने बराच जातो, महिनोन्‌महिने मुरलेला राहतो. त्यामुळे विष्ठा दिसली की ओलं फडकं दोन मिनिटं तिच्यावर ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची. कोरडी खरवडणं म्हणजे स्वतःच्या हाताने चरा पाडणं. जड पाण्याचे पांढरे ठिपके हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. तो पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरने विरघळतो. लावा, अर्धा मिनिट थांबा, भरपूर पाण्याने धुऊन टाका. उन्हात वाळू देऊ नका.

डब्यावर ‘पॉलिश’ लिहिलंय, आत काय आहे?

इथे बहुतेकांची फसगत होते, कारण ‘पॉलिश’ या एका शब्दाखाली दोन उलट कामं करणाऱ्या वस्तू मिळतात. एका जातीत अपघर्षक, म्हणजे घासणारे कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. कण मोठे असतील तर तिला रबिंग कंपाउंड म्हणतात, बारीक असतील तर फिनिशिंग पॉलिश. ही जात थर उतरवते. दुसऱ्या जातीत मेण, तेल किंवा पॉलिमर असतात. ही जात चरे भरते आणि वर पातळ पापुद्रा ठेवते. तिसरीही आहे: थोडं घासते, थोडं भरते, आणि ‘एका हातात सगळं काम’ म्हणून विकली जाते. ती वाईट नसते, फक्त तिने दाखवलेली चमक किती खरी आणि किती उसनी हे लगेच कळत नाही.

ते कळून घ्यायची युक्ती सोपी आहे. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सहा-सात भाग पाणी एकत्र करून पॉलिश केलेल्या जागेवर फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. तेल निघून जातं. चरे परत दिसले तर ते फक्त झाकले गेले होते. गाडी पॉलिश करून आणली आणि चार वेळा धुतल्यावर ‘होती तशी झाली’ असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं.

टूथपेस्टचा घरगुती उपायही इथेच निकालात काढू. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरं, त्यामुळे एखादा हलका ओरखडा ती मंदावतेही. पण ते कण दातांसाठी बनवलेले, क्लिअर कोटसाठी नव्हे. ओरखडा जातो आणि त्या जागी हाताच्या तळव्याएवढा मंद धुरकट पट्टा उरतो. तेलाचे फवारे मारून ओरखडा ‘गायब’ करणारे व्हिडिओही दिसतात. ती पुन्हा पाण्याचीच गंमत, फक्त तेल वाळायला जास्त वेळ लागतो.

आधी गाडी खरोखर स्वच्छ करा

कंटाळवाणा वाटणारा आणि म्हणून टाळला जाणारा हा टप्पा. रंगावर वाळूचा एक कण राहिला आणि त्यावर मशीनचं पॅड फिरलं, तर तो कण पॅडमध्ये रुतून सगळ्या बॉनेटवर नक्षी काढतो.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवा. आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ घालवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा वॉश मिट मिळतो, तो शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. टपापासून सुरुवात, दाराखालचा भाग शेवटी, कारण चिखल आणि खडी तिथेच असते. चाकांसाठी वेगळं फडकं ठेवा. मिट जमिनीवर पडला तर झटकून चालणार नाही, धुऊनच घ्यायचा.

गाडी वाळल्यावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवा आणि बोटांची टोकं बॉनेटवर अलगद फिरवा. उघड्या हाताला जो पृष्ठभाग गुळगुळीत वाटला होता, तो पिशवीतून खरखरीत पॉलिश पेपरसारखा लागेल. प्लॅस्टिकमुळे त्वचेचा ओलावा आणि चिकटपणा मधे येत नाही, म्हणून बारीक खडबडही बोटाला जाणवते. ही खरखर म्हणजे रंगात रुतून बसलेलं काहीबाही: ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, शेजारच्या रंगकामाचे उडालेले शिंतोडे.

लोखंडाच्या पुडीसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरू लागतात. पहिल्यांदा पाहताना पोटात गोळा येतो, पण ती रसायनाची लोखंडाशी झालेली प्रक्रिया असते. वास सडक्या अंड्यासारखा, त्यामुळे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करायचं काम. वाळायच्या आत धुऊन टाका. डांबराला टार रिमूव्हर. उरलेल्याला क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा एक गोळा. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने किंवा क्लेसोबतच्या द्रवाने सतत ओला ठेवून गोळ्याची चपटी वडी अगदी हलक्या हाताने पुढे-मागे सरकवायची. सुरुवातीला ती अडखळते, खरवडल्यासारखा आवाज येतो. दहा-बारा फेऱ्यांनी आवाज थांबतो आणि वडी बर्फावरून सरकावी तशी सरकू लागते. तो भाग झाला. वडी उलटून पाहिली तर तिच्यावर तपकिरी रेघोट्या दिसतील. त्या आत दुमडून ताजी बाजू वर काढायची. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. जीवावर येतं, पण त्यात रुतलेला खडा शोधून निघत नाही.

क्लेने स्वतःचेही काही हलके चरे पडतात. त्यामुळे नंतर पॉलिश करायचं नसेल तर क्लेच्या वाटेला न गेलेलं बरं.

मशीन कोणतं आणि का

हाताने पॉलिश करता येत नाही असं नाही. दाराच्या हँडलच्या खोबणीत, आरशाच्या मागे, एखाद्या सुट्या ओरखड्यावर हातच बरा. पण अख्खी गाडी हाताने केली तर दाब आणि वेग सगळीकडे सारखा राहत नाही, आणि तिसऱ्या दारापर्यंत खांदा बोलायला लागतो.

मशीनच्या दोन जाती. रोटरी मशीनमध्ये पॅड एकाच मध्याभोवती गरगर फिरतं. काम झपाट्याने होतं, पण उष्णता एका जागी साठते आणि दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळलं तर रंग भाजतो. शिवाय अनुभव नसलेल्या हाताने चालवलं तर उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे, ज्यांना होलोग्राम म्हणतात, ते मागे राहतात. दुसरी जात ड्युअल ॲक्शनची, बोलताना ‘डीए’. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मध्यापासून थोडं बाजूला सरकत छोटे घेरेही घेतं. जास्त दाबलं की स्वतःभोवतीचं फिरणं थांबतं. हीच तिची सुरक्षितता, चूक करायला लागलात की मशीनच ढिलं पडतं. घरी करणाऱ्याने डीएच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते फुकट तयार झालेलं नाही.

पहिल्यांदा मी एका ओळखीच्याकडून रोटरी मागून आणलं होतं. बॉनेट सुरेख झालं. त्या आनंदात मडगार्डच्या वरच्या धारेवरून, जिथे पत्रा वळून खाली उतरतो, तिथून मशीन दोनदा सरळ नेलं. पॅड उचललं तर धारेवर सुतळीएवढी करडी रेघ. मी ती फडक्याने पुसली, मग ओल्या फडक्याने पुसली, मग अल्कोहोलने पुसली. पुसून जाणारी ती नव्हतीच, तो प्रायमर होता.

कारण नंतर उमगलं. धारेवर मुळात रंग कमी ठरतो, कारण ओला असताना तो कडेवरून ओढला जातो. आणि मशीनचा सगळा दाब पॅडच्या पसरट भागाऐवजी त्या एका रेषेवर येतो. मुद्दल कमी, खर्च जास्त. म्हणून आता प्रत्येक धार, पत्र्याची प्रत्येक ठळक घडी, दाराची कड यांवर आधी मास्किंग टेप लावतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरही लावतो, कारण त्यांवर कंपाउंड वाळलं की पांढरे डाग बसतात आणि काढताना जीव मेटाकुटीला येतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर आणखी जपायचं. पत्रा उष्णता आजूबाजूला पसरवतो, प्लॅस्टिक पसरवत नाही, त्यामुळे तिथला रंग लवकर तापतो.

आधी दोन फूट

सगळ्या गाडीवर हात घालण्याआधी बॉनेटवर दोन फूट लांब-रुंद चौकोन टेपने आखा. सगळे प्रयोग त्यातच. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने करा, मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. चरे गेले तर उत्तम, त्याहून कडक काही वापरायची गरजच नाही. नाही गेले तर मध्यम पॅड, तरीही नाही तर कंपाउंड. उलटीकडून, म्हणजे सगळ्यात जहाल औषधाने सुरुवात करणारे पुष्कळ असतात. त्यांची गाडी पण चमकते, फक्त तिने विनाकारण जास्त मुद्दल मोजलेलं असतं. क्लिअर कोट गाडीगणिक कमी-जास्त टणक असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते तुमच्यावर चालेलच असं नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्या. मशीन सुरू करण्याआधीच पॅड पृष्ठभागावर टेकवा, नाहीतर कंपाउंडचे शिंतोडे काचेवर आणि तुमच्या तोंडावर. सगळ्यात कमी वेगावर थेंब पसरवून घ्या, मग वेगाचे एक ते सहा आकडे असलेल्या मशीनवर वेग चार-पाचवर न्या. हात सावकाश चालवायचा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. पाहणाऱ्याला वाटावं हा काही करतच नाहीये. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली, अशा चारेक फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं धरलंय.

मधूनमधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर थांबा. चौकोन झाला की पुसा, अल्कोहोलच्या पाण्याने तपासा, टॉर्च मारा. टेप काढल्यावर आखलेल्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे जो फरक दिसतो, त्यासाठीच माणूस पुढचे सहा-सात तास वाकून काम करतो.

पुढे तेच, चौकोनामागून चौकोन. पॅड प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने झाडा. त्यात झिजलेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश साठतं, आणि तेच नवे चरे पाडतं. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही, चार-पाच तरी हवेत. काम उन्हात नको. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश चिकट होतं आणि पुसताना पुन्हा चरे. कंपाउंड वापरलं असेल तर त्याने मागे ठेवलेला धुरकटपणा फिनिशिंग पॉलिशने घालवावा लागतो, ती पायरी गाळू नका. गडद रंगांवर तो धुरकटपणा उन्हात हमखास दिसतो, पांढऱ्या आणि चंदेरी रंगांवर तसा लपून जातो.

2000 किंवा 3000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, ओला करून आधी घासायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. खोल ओरखड्यांवर ती चालते, पण मुद्दल झपाट्याने जातं, आणि थराची जाडी मोजणारं यंत्र हाताशी नसताना करणं म्हणजे अंधारात चालणं. अशा यंत्राने एखाद्या दारावर 200च्या पुढचा आकडा दाखवला तर तो भाग पूर्वी पुन्हा रंगवलेला असावा. आकडा हजाराच्या पुढे गेला तर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जुनी गाडी विकत घेतानाही हे यंत्र बरंच बोलतं.

आता लावायचं ते

पॉलिशनंतर क्लिअर कोट उघडा असतो, आता त्यावर काहीतरी हवं. मेण, सीलंट, सिरॅमिक कोटिंग, क्रमाने टिकाऊपणा वाढत जातो. चांगल्या मेणांत कार्नौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढलेलं. नैसर्गिक मेणांतलं ते फार टणक, ऐंशी अंशांच्या वर वितळतं. तरी उन्हापावसात ते काही आठवडेच टिकतं. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट काही महिने. लावायची रीत सारखीच: अगदी पातळ, डब्यावर लिहिलं असेल तेवढा वेळ थांबून पुसून काढायचं. जाड थर दिल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना घाम निघतो.

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातींत ‘9एच’ असा टणकपणा लिहिलेला असतो आणि लोकांना वाटतं हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी आहे. ही मोजपट्टी पेन्सिलींची आहे. वेगवेगळ्या टणकपणाच्या पेन्सिलींनी थरावर ओढून कितवीने ओरखडा पडतो ते बघतात, आणि 9एच म्हणजे त्यातली सगळ्यात टणक पेन्सिल. खनिजांच्या टणकपणाशी तिचा संबंध नाही. कोटिंग पाणी आणि घाण चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं, ही कामं ते चोख करतं. दगड उडून लागला किंवा किल्ली ओढली गेली तर ते वाचवत नाही. आणि कोटिंगखाली राहिलेले चरे तिथेच बंद होतात, म्हणून पॉलिश आधी नीट झालेलं हवं.

पार आत गेलेल्या ओरखड्यांसाठी आणि खडी लागून उडालेल्या टिकल्यांसाठी टचअपचा रंग मिळतो. गाडीचा रंग-क्रमांक बहुतेक वेळा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर असतो. ‘पांढरा’ सांगून आणलेला पांढरा कधीच जुळत नाही. आत गंजाचा ठिपका असेल तर आधी तो घासून, गंजरोधक प्रायमर लावायचा. मग काडीच्या टोकाने रंगाचा थेंब सोडायचा, पसरवायचा नाही. वाळला की आकसतो, मग दुसरा, मग तिसरा. जवळून पाहिलं तर कळतंच, पण पाणी पत्र्यापर्यंत जात नाही, आणि टचअपचं खरं काम तेवढंच आहे.

माझ्या मडगार्डच्या त्या करड्या रेघेवर अशाच टचअपचे तीन थर आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलमागच्या खोबणीत नखांनी आणि अंगठीने पडलेले चरे हाताने पॉलिश करून गेले, एक सोडून. त्यात नख अडकतं, थेंबभर पाणी टाकलं तर तो अर्धा नाहीसा होतो आणि अर्धा उरतो. दार उघडताना रोज दिसतो. त्या खोबणीत रंग किती जाड आहे हे मोजायला यंत्राचं टोक आत नीट टेकत नाही, म्हणून मी त्याला अजून हात लावलेला नाही.